किल्लीचा पाव फेरा

प्रिय दादा,

फोनवर तू दोनदा "हं" म्हणतोस आणि फोन वहिनीच्या हातात देतोस, म्हणून हे पत्र. घड्याळ उघडल्यावर तू एकेक चाक ओळीने मांडून ठेवतोस, तसं मीही सगळं ओळीने मांडणार आहे. कंटाळा आला तर चहा करून घे, पण पत्र अर्धवट ठेवू नकोस.

आधी भिंगरीच्या तोंडातला प्रश्न. वरचा जबडा म्हणजे डब्याचं झाकण असं समज. झाकण डब्याहून जरासं मोठं असलं, तरच ते नीट बसतं. तुझ्या लेकीचं झाकण अरुंद आहे. त्यामुळे उजवीकडच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत उतरतात आणि तोंड मिटताना ती बिचारी हनुवटी उजवीकडे सरकवून जागा शोधते. आज ही नुसती सवय आहे. पण वाढत्या वयात हाड सवयीचं ऐकतं आणि चेहराही हळूहळू त्याच बाजूला झुकू लागतो. आता आनंदाची गोष्ट, जी सांगताना इतक्या वर्षांनीही मला विद्यार्थिनीसारखा हुरूप येतो. आठव्या वर्षी टाळूच्या मधोमधचा सांधा अजून पक्का झालेला नसतो. टाळूला बसवायच्या, काढता-घालता येणाऱ्या प्लेटमधला बारीक स्क्रू आठवड्यातून एकदा किल्लीने पाव फेरा फिरवला की प्लेट पाव मिलिमीटर रुंदावते, आणि तिच्या मागोमाग जबडाही. मुलीला किंचित दाब जाणवतो, तोही संध्याकाळपर्यंत विसरला जातो. हाच सांधा पुढे घट्ट होत जातो. फारच उशीर केला, तर किल्लीचं काम शस्त्रक्रियेवर जाऊ शकतं.

आता माझ्या दवाखान्यातल्या त्या दिवसाबद्दल. वहिनीने दर रविवारी किल्ली फिरवली होती, कॅलेंडरवर बारा खुणा होत्या. म्हणजे प्लेटच्या दोन भागांमधली फट तीन मिलिमीटर हवी होती, आणि माझ्या हातातल्या प्लेटच्या फटीत कागदसुद्धा जाईना. मी वहिनीची उलटतपासणी घेतली, भिंगरीची घेतली, प्लेट बनवणाऱ्या तंत्रज्ञाला फोन करून चार शब्द सुनावले. तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीवरून तू शांतपणे म्हणालास, "ती फट होय? ती मी दर सोमवारी बंद करतो. सकाळी प्लेट धुताना दिसायची. म्हटलं, स्क्रू सैल पडतोय." वहिनी म्हणाली, "अहो, म्हणजे मी रविवारी उघडायचं आणि तुम्ही सोमवारी मिटायचं?" आणि भिंगरी, "बाबांनी मला दुरुस्त केलं," म्हणत हसता हसता खुर्चीवरून घसरली. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच अवस्थेत तंत्रज्ञाची माफी मागावी लागली. तू मात्र हसला नाहीस.

त्यानंतर प्लेट डबीत गेली ती गेलीच. "सगळे दात येऊ देत, मग बघू," असं तू वहिनीला सांगितलंस, त्याला पाच आठवडे झाले. आधी मला वाटलं, माझ्या विद्येवरचा तुझा विश्वास उडाला. मग आठवलं, डेंटल कॉलेजच्या पहिल्या वर्षी मला दातांची तार वळवता येत नव्हती, तेव्हा तू दुकानातल्या टेबलापाशी बसवून माझं मनगट धरलं होतंस. "ओढू नकोस, तिला वळायला वेळ दे," म्हणाला होतास. मी तेव्हा पास झाले ती तुझ्यामुळे. त्याच टेबलावर, तुझ्या हातून बिघडलेलं एक घड्याळ आठवडाभर कापडाखाली झाकलेलं होतं. लोकांची घड्याळं चुकलेली तुला चालतात रे. तुझा हात चुकलेला चालत नाही. खरं सांगते, ते बारा आठवडे अगदीच वाया गेले नाहीत. तिची जीभ प्लेटला सरावली, "स" स्वच्छ झाला, आणि वर्गात प्लेट काढून दाखवून तिने दोन मैत्रिणींना पळवून लावलं. आपल्याकडे अजून वेळ आहे. फक्त तो डबीत ठेवण्याइतका नाही.

हे पत्र मात्र मी आपणहून लिहीत नाही. काल भिंगरीने दार लावून वहिनीच्या फोनवरून मला फोन केला. "आत्या, तू बाबांना लिही ना. आई किल्ली फिरवते आणि टीव्ही बघते. बाबा भिंग लावून बघतील. पण मी त्यांना हसले ना, म्हणून ते आता प्लेटला हातच लावत नाहीत." दादा, तू हे सगळं तिच्या दातांसाठी लांबवतो आहेस असं म्हणतोस, आणि ती पाच आठवडे समजते आहे की तिच्या हसण्यामुळे. गुरुवारी पाच वाजता तिला घेऊन तूच ये. प्लेट अजून बसते का ते मी पाहीन, स्क्रूजवळच्या बाणाची दिशा दाखवीन, आणि पहिला फेरा तू द्यायचा. येताना वाटेत त्या सोमवारांची गोष्ट तूच काढ आणि तिच्यासमोर एकदा स्वतःवर मनसोक्त हस. तेवढं काम माझ्या कुठल्याही किल्लीने होणारं नाही.

तुझीच,
धाकटी