अण्णांची पकड

३ जुलै
विद्यापीठाच्या मार्शल आर्ट क्लबात नाव दिलं. आयकिडो. ग्रंथालयातली ड्युटी संपली की सरळ तिकडं. बाकी सगळे विशीतले. सरांनी विचारलं, या वयात कशासाठी? खरं तेच सांगितलं. वडिलांना विसरण्याचा आजार. संध्याकाळ झाली की मला ओळखत नाहीत, मनगट धरतात, सोडत नाहीत. त्यांना न दुखवता हात सोडवायचाय.
सर म्हणाले, उद्यापासून या.

९ जुलै
अजून नुसतं पडायलाच शिकवतायत. कंबर गेली. मी परतेपर्यंत अण्णांजवळ शेजारच्या नजमाआपा बसतात. म्हणाल्या, आज शांत होते. मी घरात आले आणि बिनसलं.

१८ जुलै
मनगट सोडवणं सुरू. ओढायचं नाही, ढकलायचं नाही. वळून धरणाऱ्याच्या शेजारी उभं राहायचं, तो बघतोय तिकडंच बघायचं. जोडीला एम.ए.ची एक पोरगी. तिनं धरलं की मला अण्णा दिसतात, मी ओढते. रोज तेच. दमले.

२ ऑगस्ट
जमलं. चहा ठेवत होते, अण्णांनी धरलं. "कोण तुम्ही? माझ्या घरात काय करताय?"
वळले. हात सुटला. दोघं शेजारी, तोंड खिडकीकडं. अण्णा जन्मभर वेरूळला गाईड होते, त्याच आवाजात म्हणाले, "हे सगळं वरून खाली कोरलंय, बरं का. कळस आधी." ऐकत राहिले. चहा उतू गेला.

११ ऑगस्ट
दादा-वहिनी पिशोरहून आले. अण्णांना घेऊन जातो, दादा म्हणाला. तू लई केलंस, आता आमच्याकडं. बरं वाटलं. लगेच लाजही वाटली. त्याला ते वळणं दाखवायला गेले तर, "बापावर डाव टाकू व्हय?"
वहिनी उठली, पदर खोचला, मला म्हणाली, धर. तिला माझ्यापेक्षा लवकर जमलं.

१६ ऑगस्ट
सकाळीच निघायचं ठरलं. गोळ्या, चादर, बॅग गाडीत. अण्णा नीट बसले. मग खिडकीतून माझं मनगट धरलं. सकाळची वेळ, ओळखत होते.
"सुमे, तू नाय व्हय येत?"
हात सोडवता येत होता. तशीच उभी. गाडी चालू होती, दादा समोर बघत बसलेला.
वहिनी त्याला म्हणाली, "अहो, बंद करा जरा."