जुईच्या चपात्या

आई,

माझी फर्स्ट शिफ्ट आहे, कंपनीची बस नाक्यावर येईलच. तुमचा डोळा लागला होता, म्हणून लिहून ठेवते.

जुईच्या रक्तात काही निघालं नाही म्हणून मी देवापुढे साखर ठेवली होती. काल तीच बोलून गेली, की आजी चपात्या गाईला घालते आणि मला तांदळाची भाकरी देते. रात्री तर आपल्याकडे भातच असतो. म्हणजे महिनाभर तिच्या पोटात गहू गेलाच नाही. गहू न सोसण्याचा हा आजार, गहू खाण्यात असेल तरच रक्तात दिसतो, असं पालघरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. आता पुन्हा काही आठवडे चपाती, मग पुन्हा सुई.

काल मी तुम्हाला नको ते बोलले. केळव्याला गावी गेली की भाकरीवर ती बरी असते, हे तुम्हाला आमच्या आधी दिसलं होतं.

डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात आणखी कुणाला असा त्रास होता का. मी नाही म्हटलं. देवघरातल्या फोटोतल्या माझ्या नणंद नलूताई लहानपणीच कशाने गेल्या, ते प्रणवने मला काल सांगितलं. पोट फुगलेलं आणि हातापायांच्या काड्या. आज फोन करून डॉक्टरांना कळवते.

तुम्ही तिला भाकरीच द्या. चपात्या मी चारला आल्यावर माझ्या हाताने भरवीन. पोट दुखलं तर तिने माझ्यावर रुसावं, तुमच्यावर नको.

प्रतीक्षा