वगळलेल्याची यादी

तीर्थरूप आईस, तुझ्या धांदरट लेकीचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं.

प्रबंधासाठी, गुडघेदुखीवर कोणते व्यायाम लागू पडतात, याचं जगभरातलं संशोधन सर्च इंजिनवर शोधतेय. चार हजार लेख निघाले! सदतीस ठेवून बाकीचे मी झटकून टाकले, तर आमच्या मार्गदर्शक बाई भडकल्या. “काय वगळलं आणि का, हे लिहिल्याशिवाय काम खरं धरत नाहीत!” बसले पुन्हा पहिल्यापासून.

तुझ्या पत्रात बाबांचा खोकला, शेजारणीची मांजर, सगळं आहे. तुझ्या गुडघ्याबद्दल मात्र अवाक्षर नाही. बाबा फोनवर बोलून गेले, तू हल्ली जिना चढतच नाहीस म्हणून.

आई, या वेळी वगळलेलंही लिही. सुरुवात मी करते: जेवण वेळेवर होत नाही.

तुझीच,
ठमी