जुनं ते ऑनलाइन

१ जून, सकाळी ७
आजपासून व्यवसाय सुरू. नाव, 'जुनं ते ऑनलाइन'. लोकांकडे विकण्यासारखं बरंच असतं, पण धड फोटो काढता येत नाही, दोन ओळी लिहिता येत नाहीत. ते मी करणार. सध्या मोफत. आधी नाव, मग फी. अंबडच्या कंपनीत बावीस वर्षं स्टोअर सांभाळलंय, वस्तू मला कळतात. उज्वला माहेरी, मालेगावला भावाकडे गेल्यामुळे हॉल ऑफिससाठी मोकळा आहे. येईलच महिनाभरात.

४ जून
पहिल्या क्लायंट, खालच्या मजल्यावरच्या कुसाबाई. तांब्याचा बंब विकायचाय. बावीस फोटो काढले. म्हणाल्या, "भाऊ, बंबाचं लग्न ठरवताय का?" चहा केला. दोन तास बसल्या. मीटिंग उत्तम झाली.

११ जून
बंब एकशे चाळीस जणांनी पाहिला. एकाने विचारलं, "अजून आहे का?" मी लगेच बंबाची सगळी माहिती पाठवली. सहा मेसेज. उत्तर नाही. विचार करत असावा.

१९ जून
कुसाबाईंनी बंब भंगारवाल्याला दिला. दहा मिनिटांत. मला वाईट वाटलं नाही. जाहिरात मात्र काढून टाकलेली नाही. कोणी चौकशी केली तर बोलणं तरी होईल.

५ जुलै
उज्वलाचा फोन. चार महिन्यांत तिने स्वतःहून केलेला पहिलाच. कुसाबाईंकडून माझ्या कामाचं कळलं म्हणे. "तेवढी माझी स्कूटी विकून द्या. मला आता लागत नाही." एवढ्या लोकांतून तिने मला निवडलं. विश्वास आहे.

६ जुलै
जाहिरात टाकली. फोटो एकच, तोही अंधारात, ओरखडा दिसेल असा. धंद्यात प्रामाणिकपणा हवा. किंमत मुद्दाम चढी. घाई काय आहे?
अर्ध्या तासात नऊ फोन.

७ जुलै
देवळाली कॅम्पहून तृप्ती नावाची बाई आली. नवरा फौजेत, मुलीला शाळेत सोडायला गाडी हवी. मी ब्रेकची तक्रार सांगितली, अॅव्हरेजची सांगितली. ती म्हणाली, "काका, नक्की विकायची आहे ना?" म्हटलं, विकायची आहेच, पण गाडी बायकोच्या नावावर. आरटीओच्या फॉर्मवर तिची सही लागेल. हे आधी कसं सुचलं नाही? उज्वलाला कळवलं की सहीसाठी प्रत्यक्ष यावं लागेल. "बघते," म्हणाली.

९ जुलै
हॉल आवरला. चादरी धुतल्या. तिला आवडते म्हणून गवार आणून निवडून ठेवली. राहायला सांगताना आठवडा म्हणेन, मग चार दिवसांवर येऊ.

११ जुलै
दुपारी बेल वाजली. उज्वलाचा भाचा संतोष. हातात पाकीट. फॉर्म, आधारची झेरॉक्स, दुसरी किल्ली. सगळ्या ठिकाणी सह्या, एकही सुटलेली नाही. आत्या कधी येतेय, विचारलं. तो बूट न काढताच म्हणाला, "आणखी सही लागली तर कागद माझ्याकडेच द्यायला सांगितलंय आत्यानं." जेवायला थांबला नाही.
साडेचारला तृप्ती आली. गाडीवर बसल्यावर तिने आधी दोन्ही आरसे फिरवले. ते उज्वलाच्या उंचीला लावलेले होते. वळणावर इंडिकेटर दिला आणि गेली.
पहिला सौदा झाला. कोणाला सांगावं ते सुचेना, म्हणून इथे लिहिलं.