संथ गाण्यांचं खरं कारण

दादा,

आपल्या मेटल बँडची गाणी संथ झाली, तेव्हा पुढच्या रांगेतल्या चाहत्यांनी तुझ्याकडे पाठ फिरवली. "अंगाई म्हणतोस का रे, म्हाताऱ्या?" एकजण ओरडला. तू माइकवर म्हणालास, "मग झोपा की."

माझ्या मनगटाला वेगात ड्रम वाजवणं झेपेनासं झालंय, हे फक्त तुला ठाऊक होतं. "मलाच आता आरडाओरडा नकोसा वाटतो," असं सांगून तू सगळ्या शिव्या अंगावर घेतल्यास आणि शेवटी बँड सोडलास. मी ड्रममागे गप्प बसून राहिलो.

काल गिटारवाला म्हणाला, "दादा बाहेर पडला, ब्याद टळली. आता पूर्वीसारखं सुसाट वाजवू. जमेल ना?"

मी हो म्हणालो.

हे पत्र टाकायचंही धाडस होणार नाही. टाकलंच, तर अक्षराला हसू नकोस. डाव्या हाताने लिहितोय.

तुझ्या आडोशाला राहिलेला,
धाकटा