भाडेकरूची मेघली

बैरूत, १२ नोव्हेंबर २०१७

ती. वदाद आत्यास,
नझीहचे शि. सा. न. वि. वि. साष्टांग कागदावरच मान्य करून घे. एक्केचाळिसाव्या वर्षी माझी कंबर तेवढी वाकत नाही.

पत्र डॉक्टरांच्या बायकोच्या हाती देतो आहे, सोबत बक्लाव्याचा डबा. बाई विमानात बसायच्या आधीच वरचा थर फस्त करतील, म्हणून खालच्या थरात पिस्ते जास्त घालायला सांगितलेत.

शहर तुझ्या आठवणीतलं राहिलेलं नाही. तुझ्या आठवणीतलं तरी ते कधी होतं का, अशी मला शंका आहे. आपल्या गल्लीच्या तोंडाशी मिठाईचं नवं दुकान झालंय, तिथे कनाफ्यावर चॉकलेट ओततात. सकाळी तिळाच्या पावात भरून, वर पाक सोडून, उभ्याउभ्या खायचा तो आपला कनाफा. त्याला आता सोनेरी वर्ख आणि टोचलेला कागदी झेंडा. मी साप्ताहिकातल्या माझ्या सदरात लिहिलं की असलं खाणाऱ्याला दात देऊन देवाने माती खाल्ली. दुसऱ्या दिवशी तिथली रांग दुप्पट झाली. माझ्या लेखणीचा एवढाच उपयोग उरलाय.

परवा मार मिखाएल वस्तीत आमच्यासारख्यांसाठी नवा बार उघडला. तुझ्यापासून मी ही गोष्ट कधी लपवली नाही, तेव्हा ऐक. पन्नास पुरुष आणि सगळ्यांच्या दाढ्या एकाच न्हाव्याच्या हातच्या. दारू मुरांब्याच्या बरणीत देतात, सोबत तीन ऑलिव्ह, तेही मोजून. जो तो फोनमध्ये दुसऱ्या बारमधली माणसं बघत होता. एकटी मादाम फुस्तुक तेवढी खरी. हा बाप्या साठीचा आहे, आईचा हिरवा मखमली झगा घालून जुनी गाणी म्हणतो, आणि कोणी मध्ये बोललं तर गाणं थांबवून त्याच्या सात पिढ्या काढतो. मी पोट धरून हसलो.

माझा भाडेकरू अनीस, तोच तो उत्तरेकडच्या तराब्लसचा हलवाई, बरोबर आला होता. पहाटे चारला उठणारा माणूस. लाउडस्पीकरला डोकं टेकून झोपला. परतताना मात्र भट्टी दिसताच जागा झाला, आणि झाटरचा मसाला लावलेली रोटी खाता खाता त्याने भट्टीवाल्याला पिठाबद्दल चार गोष्टी ऐकवल्या. बरोबर ऐकवल्या, हे मला कबूल करावं लागेल.

कळावे. लोभ आहे तेवढाच राहू दे, वाढवलास तर लग्नाचं विचारशील.
तुझा,
नझीह


माँट्रिऑल, १० डिसेंबर २०१७

चि. नझीह यास,
अनेक उत्तम आशीर्वाद, त्यातले निम्मे तुझ्या कंबरेसाठी.

डबा पोचला. वरचा थर नव्हताच, खालच्यालाही भोक पडलं होतं. डॉक्टरांच्या बायकोने सांगितलं की विमानात हादरे फार बसले. हादऱ्याने बक्लावा कमी होतो, हे मला या वयात कळलं.

इथे आपल्याकडच्याच एकाने मिठाईचं दुकान थाटलंय. त्याचे खजूर भरलेले मामूल इतके कडक, की दुकान दातांच्या डॉक्टरनेच चालवायला घेतलंय असं वाटावं. गेल्या रविवारी चर्चमधल्या एका बाईने नात झाली म्हणून मेघलीची खीर आणली होती. तांदळाच्या पिठात शहाजिरे कमी आणि दालचिनी पोतंभर. तरी मी सगळी वाटी संपवली. मूल झालेल्या घरची मेघली नाही म्हणू नये, आणि तिची वाटी रिकामी परत करू नये, एवढं माझ्या आईने शिकवलंय. चौऱ्याहत्तर वर्षांत मी किती घरच्या वाट्या भरून परत केल्या, बाबा. माझ्या दारातून मात्र एकही वाटी बाहेर पडली नाही. असो. रडगाणं नाही हे, हिशेबाबाहेरची गोष्ट आहे.

आता तुझ्या भाडेकरूविषयी. घर माझं आहे, म्हणून विचारते. आठ वर्षं तो तिथे आहे आणि तुझ्या प्रत्येक पत्रात आहे. तो भाडं कशात देतो, बदामात? बारमधल्या पन्नास दाढ्यांबद्दल तू मला मोकळेपणी लिहितोस, आणि शेजारच्या खुर्चीत झोपलेल्या माणसाला भाडेकरू म्हणतोस. आमच्या काळी उलटं असायचं. बाहेरचं झाकायचे, घरचं सांगायचे. उगाच माझ्यापुढे आव आणू नकोस.

गरम कपडे घाल. जेवताना लिहू नकोस, पोट बिघडतं.
तुझी आत्या,
वदाद


बैरूत, २१ जानेवारी २०१८

ती. वदाद आत्यास,
शि. सा. न. वि. वि. या वेळी खरोखर वाकलो होतो, पण शरमेनं.

झालं असं. अनीसची बहीण सुहैर हिला लग्नानंतर नवव्या वर्षी मुलगी झाली. नाव तालीन. चांगली गोष्ट. तिकडे तराब्लसला त्यांच्या घरी मेघली होणार, हेही रीतीला धरून. पण आमच्या हलवाईबुवांना तेवढ्यावर थांबवेना. मी कचेरीत असताना त्याने सुट्टी काढून आपल्या स्वयंपाकघरात हे भलं मोठं पातेलं चढवलं. माळ्यावरून तुझ्या त्या निळ्या काठाच्या वाट्या उतरवल्या, ज्या कुठल्याशा जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या होत्या. बदाम भिजवून सोलले, अक्रोड, खोबरं, सगळा थाट. आणि तीस वाट्या इमारतीच्या प्रत्येक दारी पोचवल्या.

मला काय कल्पना! लिफ्ट बंद म्हणून मी जिना चढतोय, आणि प्रत्येक मजल्यावर दार उघडून माणसं माझं अभिनंदन करताहेत. पहिल्या मजल्यावरच्या कर्नलसाहेबांनी मला मिठी मारली, ज्यांनी अकरा वर्षांत माझ्या नमस्काराला मान हलवली नव्हती. दोन बाप्यांच्या घरातून मेघली! मादाम फुस्तुकला हे सुचलं असतं तर तिने त्यावर गाणं केलं असतं. आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या उम्म तानियोस तर दारातच उभ्या होत्या, बाळ कोणाचं ते विचारायला. आत्या, इथे भिंतींना कान आहेत आणि कायद्याला हात. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

अनीस त्याच दिवशी बहिणीकडे गेला. परत कधी येणार ते बोलला नाही. पातेलं इथेच आहे, तेव्हा येईल.

दरम्यान तुझ्या वाट्या परत येऊ लागल्यात, आणि एकही रिकामी नाही. कोणी संत्री, कोणी साखरेचे बदाम, कर्नलकडून मूठभर लेमनच्या गोळ्या, त्याही चिकटलेल्या. मी एकटा बसून हे सगळं खातो आहे आणि काहीच चांगलं नाही. सदरातही काही लिहिवत नाही. परवा त्या बारमध्ये गेलो होतो. मादाम फुस्तुकने विचारलं की तो झोपाळू कुठाय. मी लवकर घरी आलो.

लोभ कमी करू नकोस.
नझीह


बैरूत, २६ जानेवारी २०१८

माझी जुनी शेजारीण वदाद हिला,
उम्म तानियोसचा सप्रेम नमस्कार. पाय सुजतात, डोळे जातात, जीभ शाबूत आहे, म्हणून लिहिते.

तुझा भाचा तुला काय सांगेल ते मी इथे बसून सांगू शकते, म्हणून खरं काय झालं ते लिहिते. मेघली आली. शहाजिरे जरा जास्त होते, बाकी उत्तम. तुझा भाचा जिना चढून आला, तेव्हा मी दारात उभी राहून विचारलं की बाळ कोणाचं. अनीस मागे ताट घेऊन उभा होता, घामाने डबडबलेला. तो म्हणाला की आमची भाची. आमची म्हणाला, वदाद, मी बहिरी नाही. त्यावर तुझा भाचा हसला, आणि मला म्हणाला की याचं मनावर घेऊ नका, हा माझा भाडेकरू आहे, त्याच्या घरचं काहीतरी असेल, नाहीतरी महिनाअखेर जागा सोडतोय.

अनीसने ताट खाली ठेवलं. कमरेचा पंचा सोडला, त्याची नीट घडी घातली, ताटावर ठेवली आणि जिना उतरून गेला. भांडणाचा आवाज नाही, दार आपटणं नाही. त्यापेक्षा आपटलं असतं तर बरं.

माझा नवरा गेला तेव्हा चाळीस दिवस माझ्या दारी सूप कोणी आणून ठेवलं? लेखकाने नाही. आपल्या इमारतीत आठ वर्षं सगळ्यांना सगळं माहीत आहे, आणि हा एकटा समजतो की आपण गुपित राखलंय. मोठा हुशार. मी बाळासाठी मोजे विणलेत, पिवळे. ते आता पाठवू कोणाबरोबर?

तुझ्या तब्येतीला जप. थंडीत मरू नकोस, इथे येऊन मर.
उम्म तानियोस


माँट्रिऑल, ९ फेब्रुवारी २०१८

चि. नझीह,
या खेपेला आशीर्वाद नाहीत, शिल्लक असतील तर मागून पाठवीन.

उम्म तानियोसचं पत्र आलं. वेळ मारून नेली म्हणतोस ती अशी होय. बशीत काय कमी आहे ते तुला घासागणिक कळतं. घरातून काय कमी झालं ते सांगायला तिसऱ्या मजल्यावरची म्हातारी लागते. लोकांच्या पाकाला नावं ठेवून जगणारा तू, घरचा पाक जाळलास.

कुठल्याशा वर्तमानपत्रातल्या त्या वाट्या, नझीह, मी एकविसाव्या वर्षी विकत घेतल्या होत्या. तीस वाट्या, निळा काठ, माझ्या स्वतःच्या मेघलीसाठी. मग लढाई झाली, मग जहाज, मग हा बर्फ. वर्तमानपत्रात मीच त्या गुंडाळल्या होत्या. चौऱ्याहत्तर वर्षांनी माझ्या दारातून पहिल्यांदा मेघली बाहेर पडली, आणि ती माझ्या भाच्याने परत बोलावली. कायद्याची भीती मला सांगू नकोस. उम्म तानियोस काय पोलीस आहे? तुला भीती कसली होती ते मला ठाऊक आहे. लोक हसतील याची. आयुष्यभर लोकांना हसलेल्या माणसाला तेवढीच भीती असते.

वाट्या रिकाम्या पडल्या असतील, तर रीत तुला माहीत आहे.
वदाद


बैरूत, ११ मार्च २०१८

ती. वदाद आत्यास,
शि. सा. न. वि. वि. आशीर्वाद मागत नाही, आधी वाच.

तुझं पत्र वाचलं आणि त्याच्या पातेल्यात मेघली केली. आयुष्यात पहिल्यांदा चुलीशी उभा राहिलो. तासभर ढवळायची असते हे मी सदरात चार वेळा लिहिलंय. हात किती दुखतो हे एकदाही लिहिलं नाही. गुठळ्या झाल्या, तळाला लागली. दुसऱ्याची असती तर मी तिच्यावर अर्धं पान लिहिलं असतं. तुझ्या दोन वाट्या भरल्या, मांडीवर घेऊन टॅक्सीत बसलो आणि तराब्लसला गेलो. पिवळे मोजे खिशात होते. ते मागायला मी आधी तिसऱ्या मजल्यावर गेलो होतो, ते पुढे सांगतो.

दार सुहैरने उघडलं. तिने मला कधी पाहिलं नव्हतं, तरी नाव विचारलं नाही. बाळ माझ्या हातात दिलं आणि म्हणाली की जरा धरा, मामाला उठवते, महिनाभर नुसता झोपतोय. अनीस आला. बाळाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. वाटीतला एक चमचा घेतला, बराच वेळ तोंडात ठेवला, आणि म्हणाला की शहाजिरे कच्चे आहेत, पीठ जुनं आहे, आणि हे करणाऱ्याला दात देऊन देवाने माती खाल्ली. मग दुसरा चमचा घेतला. आत्या, मी तिथे सगळ्यांसमोर रडलो. वाटी त्याने संपवली.

तो लगेच आला नाही. त्याने एकच विचारलं, की उम्म तानियोसना मी काय सांगितलंय. मी सांगू शकलो, कारण सांगून आलो होतो. मोजे मागायला गेलो तेव्हा जिन्यात कर्नलही उभे होते, आणि मी चांगलं मोठ्याने म्हणालो होतो की हे आमच्या भाचीसाठी नेतोय, अनीस माझा भाडेकरू नाही आणि कधीच नव्हता. उम्म तानियोस म्हणाल्या की एवढं म्हणायला तुला महिना लागला, मोजे मी चार दिवसांत विणले. कर्नल म्हणाले की ते सगळं ठीक आहे, पण लिफ्टचं कोण बघणार.

अनीस काल परत आला. आल्याआल्या पातेलं पाहिलं आणि मी ते कशाने घासलं असं विचारून मला दिवसभर फैलावर घेतलं. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी जाऊन आम्ही तो चॉकलेटचा कनाफा खाल्ला. भयंकर होता. दोघांनी मिळून नावं ठेवली.

हे पत्र आणणाऱ्या बाईंच्या हाती निळ्या काठाची एक वाटी दिली आहे. आत तांदळाचं पीठ, शहाजिरे, बदाम, सगळं अनीसने मोजून बांधलंय. पाणी आणि साखर तेवढी तुझी. ही तुझ्याच दारातून निघालेली मेघली आहे, आत्या. उरलेल्या एकोणतीस वाट्या आम्ही पुन्हा गुंडाळल्या नाहीत, खालच्या फळीवर हाताशी ठेवल्यात.

वाटी रिकामी परत करायची नसते, हे तुला मी सांगायला नको. तीत काय घालशील ते घाल, पण ती टपालाने किंवा कोणा बाईबरोबर पाठवू नकोस. स्वतः घेऊन ये. तिसरी खोली झाडून ठेवली आहे, आणि तिथे आजवर कोणी भाडेकरू राहिलेला नाही.

तुझे,
नझीह आणि अनीस