कंपनीचा ड्रायव्हर

प्रिय बाबू,

प्रिय लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, हुरळून जाऊ नकोस. माझं अक्षर तुला माहीत आहे, तरी वाच. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, सारखं ‘आई, ऐक ना’ चालू असतं. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

परदेशी जाताना तू तुझा जुना लॅपटॉप बाबांना दिलास. त्यात तुझी ती फुकटातली, सगळ्यांना उघडी असलेली सिस्टीम. कुठल्या कंपनीची मालकी नको, आत काय आहे ते दिसत नाही असं काही मशीनमध्ये घालायचं नाही, हे तू त्यांना बसून समजावलंस. त्यांना अर्धं कळलं आणि सगळं पटलं. तुझं त्यांना काय पटत नाही? चौथीत नापास झालास तेव्हाही मास्तरच चुकले होते.

मग डोळ्यांचं निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नजर मधल्या भागातून जात चाललीय, थांबणार नाही, काय बघायचं ते बघून घ्या. त्यांना एकच बघायचं होतं, तुझी मुलगी. माझा फोन बटणांचा. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी त्यांच्या फोनवर दाखवली, तर हे म्हणाले, डाग दिसतोय. लॅपटॉपचा पडदा मोठा. मान वाकडी करून डोळ्याच्या कडेने बघितलं की त्यावर माणूस ओळखता यायचा. आणि नेमकं तेव्हाच तू सांगितलंस म्हणून त्यांनी ती सिस्टीम नवी करून घेतली, आणि वायफाय गेलं. नेट वहिनींचं, वरून झिरपत येतं तेवढं, वायर ओढायची सोय नाही.

तू म्हणालास, वायफायच्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, कंपनीचा होता, बंद कुलपातला, तो नव्या सिस्टीमने बाहेर काढला, बरंच झालं, आपण उघडा शोधू. नेट हवं तर ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर आणायला नेट हवं. हे सांगताना तू हसलास, मला ऐकू आलं. मग तू फोनवरून एकेक अक्षर सांगायचास आणि हे पडद्याला नाक लावून ते दाबायचे. डोळ्यांतून पाणी गळायचं, बाहीने पुसायचे आणि पुन्हा दाबायचे. एकदा एक रेघ चुकली तर तू खेकसलास, बाबा, नीट बघा. कुणाला म्हणालास रे?

कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला म्हणाला, काकू, कंपनीचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून टाकतो, चहा पिऊन या, चालू झालेलं असेल. ह्यांनी लॅपटॉप छातीशी धरला. पोराचं तत्त्व आहे, म्हणाले, त्याला विचारल्याशिवाय नाही. तुला विचारलं. तू म्हणालास, थोडं थांबा, कुणीतरी उघडा ड्रायव्हर लिहितंय, होईलच. आम्ही थांबलो. कोण कुठला माणूस काय लिहितोय, त्याच्यासाठी थांबलो.

गेल्या आठवड्यात हे मला म्हणाले, दिवा का नाही लावलास? भर दुपार होती.

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप उचलला आणि दुरुस्तीवाल्यापुढे ठेवला. म्हटलं, टाका कंपनीचाच, तत्त्व मी बघून घेते. खरंच चहाही पूर्ण झाला नाही. घरी आणला, वहिनींनी त्यावरून सूनबाईला व्हिडिओ कॉल लावून दिला. तू कामावर होतास. पोरगी पडदाभर दिसली. हे शेजारी बसले होते, तोंड जरा भलतीकडेच होतं. म्हणाले, कुणावर गेलीय गं?

बाबू, पोरगी म्हणजे हेच. कपाळ तेच, कान तेच, हसताना ओठाचा एक कोपरा खाली जातो तोसुद्धा. मी म्हटलं, तिच्या आईच्या माणसांवर. तुमचं काही नाही तिच्यात. बरं, म्हणाले, आणि मांडीवरच्या टॉवेलची घडी घालत बसले. घालायची, मोडायची, पुन्हा घालायची.

हे तुला कळावं म्हणून लिहायला बसले. आता तू फोन करून त्यांना खरं सांगायला धावशील. सांग. मी म्हणेन, मन राखतोय तुमचं. त्यांना आता डोळे माझेच आहेत, मी दाखवीन तेवढंच दिसेल. मला खोटं पाडायचं असेल तर पोरीला घेऊन ये आणि तिचं तोंड त्यांच्या हातात दे. हाताला कळेल त्यांच्या. तोवर ती त्यांच्यासारखी नाही.

तुझीच, इलाज नाही म्हणून,
आई